कडेवरचं पोर

ती दुपार आठवली की आजही मला एका जागी बसवत नाही. घरचे म्हणतात, निवृत्त झालात, आता जरा टेका. पण खोड जुनी आहे. नोकरीत असतानाही ठाण्यातली मंडळी माझ्या पाठीमागे म्हणायची की साहेबांच्या खुर्चीला काटे आहेत. तपास अडला की मी येरझाऱ्या घालायचो. त्या दिवशी तर तपास लागल्यावर जास्त घातल्या.

मी तेव्हा नाशिकमधल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. हद्द मोठी चमत्कारिक होती. एका बाजूला बंगले आणि शिकवण्यांच्या पाट्या, दुसऱ्या बाजूला मोकळे प्लॉट. भाताची कापणी उरकली की पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं खाली उतरतात आणि त्या प्लॉटांवर ताडपत्रीची पालं टाकतात. सकाळी बायका आणि पुरुष टेम्पोत उभे राहून दिंडोरीकडच्या द्राक्षबागांवर जातात, ते दिवस मावळता परत येतात. पालांवर मुलं उरतात. त्यातही जी थोरली मुलगी, तीच दिवसभर धाकट्याची आई. पोर तिच्या कडेवर, आणि शाळा तिच्या नशिबात नाही, असा एकूण हिशोब.

त्या पालांपासून काही अंतरावर एक सरकारी शाळा आहे. नाव सांगत नाही, कोणाचंच सांगणार नाही. तिथल्या मुख्याध्यापिका बाईंचा आवाज बारीक आणि हट्ट मोठा. पालांवरच्या मुलींची नावं शाळेत आहेत पण मुली येत नाहीत, हे पाहून बाई एक एक पाल फिरल्या. सगळीकडे एकच प्रश्न आला, बाई, मग पोराला कोण धरणार? बाईंनी शाळेतली एक अडगळीची खोली झाडून घेतली, सतरंज्या अंथरल्या, छताच्या लोखंडी दांड्याला दोन झोळ्या बांधल्या आणि मुलींना सांगितलं, भावंडं घेऊन या. तुम्ही वर्गात बसा, ती इथे राहतील. एका सेवाभावी संस्थेने पोरं सांभाळायला एक ताई दिली. मग त्या खोलीला हळूहळू बाकीची कामंही चिकटली. पोरांची वजनं आणि लसी तिथेच. मुलींच्या डोळ्यांची तपासणी तिथेच. कोणाच्या आईचं आधार कार्ड अडलं असेल, कोणाचा बाप पिऊन मारत असेल, तर त्याचीही वाट त्याच खोलीतून निघायची. या शेवटच्या कामासाठी आमच्या ठाण्याच्या एक महिला हवालदार अधूनमधून तिथे जात. शाळेत सगळे तिला मदत खोली म्हणायचे. वरून लेखी परवानगी मात्र नव्हती. कोणी हरकत घेतली नव्हती म्हणून ती चालू होती.

मार्गशीर्षातले दिवस होते. जेवणाचा डबा नुकताच उघडला होता, तेवढ्यात नियंत्रण कक्षाकडून निरोप आला. कोणा दुकानदाराने फोन करून कळवलं होतं, शाळेजवळून फुगेवाल्याने पोर पळवलं, लोकांनी त्याला धरलंय, लवकर या. त्या काळात मुलं पळवणारी टोळी शहरात आल्याचे निरोप मोबाइलवर धडाधड फिरत होते. असल्या निरोपांनी पोलिसांचं जेवढं डोकं उठवलंय तेवढं खऱ्या गुन्हेगारांनीही उठवलेलं नाही. मी डबा तसाच ठेवला आणि निघालो.

आमचे बीटवरचे दोघे आधीच पोचले होते म्हणून फुगेवाला जिवंत राहिला. सदरा फाटला होता, चप्पल एकच होती, पण फुग्यांची दोरी त्याने मुठीतून सोडली नव्हती. त्याला गाडीत घालून ठाण्यात पाठवलं आणि मी शाळेत शिरलो.

पोर खरंच गेलं होतं. सहावीतल्या एका मुलीचा दीड वर्षाचा भाऊ. मुलीला मी इथे सोनी म्हणतो. त्या दिवशी चाचणी होती. सोनीने सकाळी भावाला मदत खोलीत ठेवलं, पेपर दिला, बाहेर येऊन पाहते तर भाऊ नाही. ती खोलीच्या उंबऱ्यावर नुसती बसून होती. रडतही नव्हती.

खोलीतल्या ताई नवीन होत्या, दिवाळीनंतर आलेल्या. मी पहिला प्रश्न विचारला, पोर दिसायला कसं?

"बारीक अंगाचं, सर. सावळं. डोक्याला पिवळं टोपडं."

टोपड्याचा काही उपयोग नव्हता. संस्थेने सगळ्याच पोरांना पिवळी टोपडी वाटली होती. खोलीत उरलेली सगळी पिवळीच दिसत होती.

"बाहेरचं कोणी आलं होतं का?"

"एकच माणूस आला होता. जनाचा मामा."

जना म्हणजे सोनीच्याच वर्गातली, शेजारच्या पालातली मुलगी. तिचाही एक तेवढाच भाऊ रोज खोलीत असायचा. मामा गुजरातेत कंपनीत होता आणि डोंगऱ्यादेवाच्या उत्सवासाठी गावी निघाला होता. जना शाळेत गेल्यावर तिच्या आईला गावाकडच्या गाडीत अचानक जागा मिळाली, ती पुढे गेली. पोराची त्या दिवशी लस होती म्हणून त्याला मागे ठेवलं आणि भावाला फोनवर सांगितलं, येता येता पोराला घेऊन ये, जना बापाजवळ राहील. मामा शाळेत आला, बहिणीचं नाव, भावजीचं नाव, गाव सगळं बरोबर सांगितलं, स्वतःचं आधार कार्ड दाखवलं. लस टोचून झाली होती. ताईंनी पोर त्याच्या हातात दिलं.

"आणि जना?"

"पेपर झाल्यावर ती घरी गेली असेल. नंतर गडबडीत मला ती दिसलीच नाही."

म्हणजे जनाचा भाऊ त्याच्या मामाकडे होता. ती बाजू मिटली. गायब होता तो सोनीचा भाऊ. मी ठाणे अंमलदाराला फोन करून अपहरणाचा गुन्हा नोंदवायला सांगितलं. लहान मूल बेपत्ता झालं की थांबायचं नसतं, आधी गुन्हा दाखल करायचा आणि मग शोधायचं. एक पथक बसस्थानकाकडे, एक रेल्वे स्टेशनकडे पाठवलं. दुकानांचे कॅमेरे तपासायला एक जण बसवला. शाळेच्या बाजूचा एकमेव कॅमेरा दुकानाच्या पाटीकडे तोंड करून बसला होता, आणि त्यात पाटी फार छान दिसत होती. सोनीच्या आईला आणायला गाडी दिंडोरीच्या बाजूला धाडली.

ठाण्यात आलो तर फाटकाबाहेर गर्दी. फुगेवाल्याला आमच्या ताब्यात द्या म्हणत होती. आत त्याचे फुगे ठाणे अंमलदाराच्या टेबलाच्या पायाला बांधून ठेवले होते आणि पंख्याच्या वाऱ्याने हलत होते. इतक्या गंभीर वातावरणात ते डोळ्यांना खुपत होतं. मी फुगेवाल्याला समोर बसवलं. तो मालेगावकडचा होता.

"साहेब, मी कायले पोर चोरू?" तो म्हणाला. "माझीच चार पोरं घरी. त्यांलेच दोन वेळचं घालता येत नाही."

चौकशीत मी आवाज चढवतो, नाकारत नाही. पण खोटं बोलणारा माणूस आवाज चढला की आधी दाराकडे पाहतो. हा माझ्याकडेच पाहत राहिला. त्याने सांगितलं की शाळेजवळ एक तरुण माणूस पोर घेऊन आला होता. खांद्यावर टॉवेल. पोर एकसारखं रडत होतं, गप बसेना. त्या माणसाने लाल फुगा घेतला, पोराच्या मनगटाला बांधला आणि विचारलं, पेठची काळी-पिवळी कुठून सुटते?

मी हवालदार बाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. तो जनाचा मामाच होता. त्याचं पोर, त्याचा फुगा, त्याची जीप. आमच्या कामाचं त्यात काहीच नव्हतं. मी फुगेवाल्याला चहा पाजायला सांगितलं आणि पुन्हा येरझाऱ्या सुरू केल्या.

मग सोनीशी बोलायला मी शाळेत परत गेलो. लहान मुलीला ठाण्यात आणायचं नाही आणि तिच्यापुढे गणवेशात जायचं नाही, हा नियम आहे आणि तो चांगला आहे. हवालदार बाईंनी साडी नेसली, मी साधा शर्ट घातला, आणि मुख्याध्यापिकांच्या ऑफिसात आम्ही बसलो. मुख्याध्यापिकांनी तिला पाणी दिलं. मी अजून काही विचारलंही नव्हतं, तर ती म्हणाली,

"मीच आनला त्याला. माझ्या कडेवर. रोज मीच आनते."

"बरं. पेपर कसा गेला?"

"मीच आनला, साहेब. दुसऱ्या कुणी नाय."

इतक्या वर्षांत मी एक गोष्ट पाहिली आहे. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माणूस दोनदा देतो, तेव्हा त्या उत्तराखाली काहीतरी झाकलेलं असतं. पण ही काय झाकणार? अकरा-बारा वर्षांची पोर, हाताच्या काड्या, केसांना लाल रिबिनी. मी किती परीने विचारलं. रस्त्यात कोणी भेटलं का, कोणी खाऊ दिला का, कोणी बोललं का. प्रत्येक वेळी तेच. शेवटी ती एवढंच म्हणाली,

"आता मला साळंत धाडनार नाय."

हे ऐकून मुख्याध्यापिका बाईंनी तोंड फिरवलं. भाऊ सापडला नाही तर काय होईल हे सगळ्यांना कळत होतं. पण सापडला तरी या मुलीची शाळा संपली, हे तिला आमच्या आधी कळलं होतं.

सोनीच्या आईला घेऊन गाडी आली. बागेत घडांची विरळणी चालू होती, ती तशीच उठून आली होती, कमरेला कात्री खोचलेली. आक्रोश नाही, शिव्या नाहीत. ती फक्त विचारत होती, "कुठं हाय?" मी वर्णन विचारलं.

"पिवळं टोपडं. काळा दोरा कमरंला. लय जड हाय, साहेब. मला पन उचलवत नाय जास्त येळ."

मी लिहून घ्यायला सांगितलं आणि बाहेर व्हरांड्यात आलो. हवालदार बाई मागोमाग आल्या.

"साहेब, ताई म्हणतात बारीक. आई म्हणते जड."

"अहो, कुठल्याही आईला आपलं पोर गुटगुटीतच वाटतं."

"माझं पोर काडीसारखं होतं," त्या म्हणाल्या. "मला ते काडीसारखंच दिसायचं."

मी चालायचा थांबलो. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी पहिल्यांदाच थांबलो.

मदत खोलीत अजून पोरं होती. त्यातलं सगळ्यात गुबगुबीत पोर हवालदार बाईंनी उचललं. सोनीला आम्ही शाळेच्या फाटकापाशी नेलं. हवालदार बाई म्हणाल्या, "सोनी, तू भावाला रोज आणतेस ना? मग या बाळाला घे आणि खोलीपर्यंत कशी आणतेस ते मला दाखव."

सोनीने पोर घेतलं. कंबर एका बाजूला मोडून ते कडेवर चढवलं. थोडी चालली. पोर घसरायला लागलं, तिने गुडघ्याने वर ढकललं. अजून थोडी चालली. मैदानाच्या निम्म्यावरही गेली नसेल, तोवर तिचे हात कापायला लागले. हवालदार बाईंनी धावत जाऊन पोर घेतलं. सोनी तिथेच मातीत बसली आणि इतका वेळ न आलेलं रडू एकदम आलं.

"जना आनती त्याला. मला नाय झेपत. मी जनाचा आनते, तो हलका हाय."

पालांपासून शाळा तशी लांब. जना अंगाने दणकट, सोनी किडकिडीत. मुलींनी आपसात तोड काढली होती. जड पोर जनाकडे, हलकं सोनीकडे. दोघी मिळून यायच्या, मिळून जायच्या. पण शाळेचा नियम होता की जिने तिने आपलंच भावंड उचलायचं. मागे एकदा एकीच्या हातून दुसरीचं पोर पडलं होतं आणि पालांवर मोठं भांडण झालं होतं, म्हणून मुख्याध्यापिका बाईंनीच तो नियम केला होता. नियम मोडला तर खोली बंद, अशी धमकीही दिली होती. म्हणून दोघी गप्प होत्या. आणि ताई नवीन. ताईंनी पोरांना ओळखलं होतं ते ज्या मुलीच्या कडेवर आली तिच्यावरून. जनाच्या कडेवरचं ते जनाचं. त्यात त्यांचं तरी काय चुकलं? कोणीही तेच समजलं असतं.

सोनीला मुख्याध्यापिका बाईंपाशी सोडून आम्ही धावत जनाच्या पालावर गेलो. जना आत अंगाचं मुटकुळं करून बसली होती आणि तिच्या मांडीवर तिचा भाऊ, हलका, सावळा, टोपडं घातलेला, भाकरीचा तुकडा चोखत होता. सोनीचा भाऊ दिसत नाही म्हटल्यावर ती घाबरली, रोज त्याला आपणच आणतो हे कळेल म्हणून आपलं पोर उचलून मागच्या बाजूने पळाली होती. मामा येऊन गेल्याचं तिला ठाऊकच नव्हतं. आम्ही सगळे हरवलेलं पोर शोधत होतो. ते घेऊन जाणाऱ्याने आधार कार्ड दाखवून, नाव-गाव सांगून, उघड्या दारातून नेलं होतं.

गुन्हा उलगडला की पोलिसाला हायसं वाटतं. मला त्या क्षणी घाम फुटला. तो तरुण पेठच्या रस्त्यावर होता. त्याच्या कडेवर त्याचं नसलेलं पोर, जे त्याच्याकडे राहायला तयार नव्हतं आणि जिवाच्या आकांताने रडत होतं. आणि सगळ्यांच्या हातातल्या मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे निरोप. मी तालुक्याच्या पोलीस ठाण्याला फोन लावला, प्रत्येक काळी-पिवळी थांबवायला सांगितली. जनाच्या मामाचा फोन लागत नव्हता. सोनीच्या आईला आणि हवालदार बाईंना गाडीत घेतलं आणि आम्ही पेठ रोडला लागलो.

शहर सुटतं न सुटतं तोच चालकाने स्वतःचा मोबाइल माझ्यापुढे धरला. नवा निरोप आला होता. पोर चोरून पेठकडे पळाला आहे, खांद्यावर टॉवेल, पोराच्या हाताला लाल फुगा. फुगेवाल्याने आम्हाला सांगितलेलं शब्द न शब्द बाहेर गेलं होतं. ठाण्याच्या चार भिंतींतून गोष्टी कशा बाहेर जातात हे मला तीस वर्षांत कळलं नाही. रडतं पोर गप्प करायला घेतलेल्या फुग्याने आता तो माणूस लांबून ओळखू येणार होता.

मी चालकाला दटावत होतो, तो म्हणत होता की साहेब, घाट आहे. मागच्या सीटवर सोनीची आई खिडकीचा दांडा धरून बसली होती. हवालदार बाईंनी तिला सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यो मानूस चांगला हाय ना?" बाई म्हणाल्या, हो. ती म्हणाली, "मंग त्याला मारू नका म्हनावं."

पेठच्या अलीकडे एका फाट्यावर गर्दी दिसली. गावात जाणारी जीप संध्याकाळीच सुटते, म्हणून मामा तिथल्या चहाच्या टपरीवर थांबला होता. दोघांनी त्याची कॉलर धरली होती, ओठ फुटला होता. तालुक्याचा एक शिपाई एकटाच मध्ये उभा राहून लोकांना मागे सारत होता. फुगा फुटून त्याचं रबर पोराच्या मनगटाला लोंबत होतं. पोर मामाच्या छातीशी आवळलेलं होतं, आणि तो ओरडत होता,

"माजा भाचा हाय! बहिनीचं पोर हाय! हात लावू नका त्याला!"

मी आवाज चढवला. तो आवाज नेमका अशा वेळेसाठीच असतो. गर्दी फाकली. सोनीची आई सरळ आत गेली आणि तिने हात पुढे केले. पोराने तिच्याकडे झेप घेतली. पण मामा सोडेना.

"बाई, कुठं न्हेता? माजा भाचा हाय तो!"

"तुजा भाचा जनाजवळ हाय, दादा," ती म्हणाली. "ह्यो माजा."

त्याने एकदा पोराकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. दोघांचं नाक एकच, कपाळ एकच. मग तो टपरीच्या बाकावर बसला.

"मी त्याला बारशाला बगितला व्हता," तो म्हणाला. "वाटलं, मोठा झाला म्हनून वळखत नाय मला."

मारणाऱ्या दोघांवर मी गुन्हा दाखल करायला लावला. मामा म्हणत होता, जाऊ द्या साहेब, त्यांना तरी काय ठाऊक. मी जाऊ दिलं नाही. ज्यांना ठाऊक नसतं त्यांनी हात खिशात ठेवायचे असतात, हे एकदा कोर्टात कळलेलं बरं.

आम्ही ठाण्यात परतलो तेव्हा गर्दी ओसरली होती. लोकांना फुगेवाला हवा होता, पोर सापडलेलं नको होतं, असंच मला वाटलं. फुगेवाला फुगे घेऊन गेला होता. जाताना एक फुगा टेबलाला तसाच ठेवून गेला.

माझ्या केबिनमध्ये मात्र वेगळी बैठक भरली होती. शिक्षण खात्याचे एक साहेब, भागातले एक पुढारी, आणि कोपऱ्यात मुख्याध्यापिका बाई. ताईंनी काम सोडल्याचं सांगून झालं होतं. साहेब शांतपणे बोलत होते. खोलीला परवानगी नाही, सुरक्षिततेची व्यवस्था नाही, उद्या काही बरंवाईट झालं असतं तर जबाबदार कोण? उद्यापासून खोलीला कुलूप. पुढारी मान डोलावत होते. बाई नेहमी भांडणाऱ्या, पण त्या दिवशी खाली पाहत बसल्या होत्या. नियम त्यांनीच केला होता, आणि त्या नियमापायीच दोन मुली घाबरून गप्प बसल्या होत्या. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

सोनीच्या आईचा जबाब बाकी होता. तिला आत बोलावलं. पोर खांद्यावर झोपलं होतं, सोनी तिच्या पदराला धरून उभी. शिक्षण खात्याचे साहेब तिच्याकडे वळून सहानुभूतीने म्हणाले, "तुमची शाळेविरुद्ध तक्रार असेल तर निःसंकोच सांगा. आम्ही ती खोली बंद करतोच आहोत."

तिला आधी ते कळलंच नाही. मग कळलं.

"खोली बंद?"

"हो. पुन्हा असं व्हायला नको."

"मंग हिला कोन धाडनार?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पोर घरी तर ही घरी. माजं पोर गेलं तवा मी मेले व्हते, साहेब. पन ते घावलं. ही घरी बसली तर हिला कोन शोधनार? त्याची तक्रार घेता का तुमी?"

तो प्रश्न तिने मला विचारला होता. मी ठाण्याचा प्रमुख. समोर कायद्याची पुस्तकं, भिंतीवर हद्दीचा नकाशा. आणि त्या तक्रारीला माझ्याकडे कलम नव्हतं. मी उठलो आणि खिडकीपाशी गेलो. साहेब म्हणाले, वर कळवतो. पुढाऱ्यांना दुसरीकडे जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काहीही काम नसताना शाळेवर गेलो. झोप झाली नव्हती. मदत खोलीला कुलूप लागलेलं होतं, त्यावर कागद चिकटवलेला. फाटकापाशी मुली पोरं घेऊन उभ्या होत्या, आत यावं की परत जावं हे न कळून. लांब रस्त्यावर टेम्पो हॉर्न वाजवत होता. सोनीची आई पोराला घेऊन उभी होती आणि एकदा टेम्पोकडे, एकदा कुलपाकडे पाहत होती.

मुख्याध्यापिका बाई आल्या. कागद वाचला. त्यांनी स्वतःच्या ऑफिसचं दार उघडलं, शिपायाला हाक मारली, आणि दोघांनी मिळून टेबल, खुर्च्या, कपाटावरच्या फायली बाहेर व्हरांड्यात काढल्या. मग वर्गातून सतरंज्या आणून ऑफिसात अंथरल्या. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाल्या,

"आदेश त्या खोलीचा आहे, सर. माझ्या ऑफिसबद्दल त्यात काही लिहिलेलं नाही."

आणि मुलींकडे वळून ओरडल्या, "उभ्या काय? जिला जे झेपेल ते उचला आणि आत या!"

सोनीच्या आईने पोर आत ठेवलं. एकदा त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि टेम्पोकडे पळत सुटली. बाई व्हरांड्यात उन्हात खुर्ची टाकून बसल्या आणि तिथूनच शाळा चालवायला लागल्या. पुढे कितीतरी दिवस त्या तिथेच बसत होत्या. परवानगीचा कागद आला तेव्हा माझी बदली झालेली होती.

या प्रकरणात मला पदक मिळालं नाही, कारण अपहरणाचा गुन्हाच घडला नव्हता. फाइल बंद झाली. पण त्या फाइलने मला एक शिकवलं ते असं की एखादी मुलगी वर्गात बसलेली दिसते, तेव्हा तिच्या कडेवरचं ओझं कोणीतरी उतरवून घेतलेलं असतं. कोणी घेतलं नाही तर ती हरवते, आणि त्या हरवण्याची नोंद कुठल्याही ठाण्यात होत नाही. फोन वाजत नाही, गर्दी जमत नाही, कोणी कोणाची कॉलर धरत नाही.

म्हणून चैन पडत नाही. शाळेच्या वेळेत सिग्नलला, बांधकामावर, भाजीच्या गाड्याशेजारी एखादी पोर कडेवर पोर घेऊन उभी दिसली की मी गाडी बाजूला घेतो आणि विचारतो, बाळ, शाळा कुठली? बायको शेजारून म्हणते, अहो, तुम्ही रिटायर झालात आता, कोण विचारतंय तुम्हाला. ती म्हणते ते खरं आहे. बहुतेक मुली उत्तर देत नाहीत, पोराला दुसऱ्या कडेवर घेतात आणि दुसरीकडे पाहतात. मागून हॉर्न वाजायला लागतात, तरी मी थोडा वेळ तसाच थांबतो.